ब्रूक ट्राउटला खवले नसतात?

‘ब्रूक ट्राउटला खवले नसतात, ब्राउन ट्राउटला असतात’ हे ट्राउट माशांसाठी गळ टाकणाऱ्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या ऐकू येतं. चूक आहे. खवले दोघांनाही असतात. फक्त ब्रूकचे इतके बारीक की अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेलगत त्यांच्या दोनशेच्या वर ओळी भरतात. वर बुळबुळीत थर, त्यामुळे बोटाला काही लागत नाही.

दुसरा गैरसमज रंगाचा. ठिपके खवल्यावर रंगवलेले नसतात. खवला म्हणजे आतल्या त्वचेच्या कप्प्यात रुतलेली पातळ, पारदर्शक हाडाची चकती. रंग असतो तो त्वचेतल्या रंगपेशींत. सुरीने खवला खरवडलात तर त्याच्या टोकाला काळपट पापुद्रा चिकटून येतो. तो खवल्याचा रंग नव्हे, फाटलेली त्वचा! काळा रंग मेलॅनिनचा, तांबडा-पिवळा बहुतेक खाण्यातून आलेल्या कॅरोटिनॉइडचा आणि चंदेरी चमक ग्वानिनच्या स्फटिकांची.

मग ओळखायचं कसं? ब्राउनच्या फिकट अंगावर गडद ठिपके, तर ब्रूकच्या गडद अंगावर फिकट ठिपके. ब्रूक नावापुरता ट्राउट, खरं तर तो ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या गटातला.

पण नुसत्या रंगावर विसंबू नका. समुद्रात जाणाऱ्या ब्राउन ट्राउटच्या त्वचेत ग्वानिन इतकं साचतं की ठिपके झाकले जातात आणि मासा चांदीसारखा दिसतो. अशा रंगफरकांवरूनच एकोणिसाव्या शतकात एकाच जातीला ढीगभर नावं दिली गेली. आज त्यातली बहुतेक साल्मो ट्रुटाच, म्हणजे ब्राउन ट्राउटच, मानली जातात.