मोहोराची वेळ ठरवणारे जीन्स (फळझाडं)

फळझाडाला कितव्या वर्षी फुलं येणार, वर्षातल्या कुठल्या महिन्यात येणार आणि एखाद्या वर्षी का येत नाहीत, हे ज्या जीन्सवर ठरतं त्यांच्याबद्दलची ही नोंद. उदाहरणं जास्त करून आंब्याची घेतली आहेत, कारण ठाणे-नवी मुंबईत आंबा सगळ्यांच्या जवळचा, वाशीच्या मार्केटला हापूसच्या पहिल्या पेट्या आल्या की त्याची बातमी होते, आणि २०१८ साली हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघरबरोबर ठाणे जिल्हाही आहे, हे बऱ्याच ठाणेकरांना माहीतच नसतं.

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की मोहोर फुटतो काडीच्या टोकाच्या डोळ्यातून (म्हणजे कोंबातून), पण तो फुटायचं ठरतं पानात. रशियातले शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच सांगितलं होतं की पानात काहीतरी तयार होतं आणि ते शेंड्याकडे जाऊन फुलं आणतं, त्याला त्यांनी फ्लोरिजेन म्हटलं, पण ते नेमकं काय हे पुढे सत्तर वर्षं कोणाच्या हाताला लागलं नाही. २००७ मधे अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपावर आणि भातावर झालेल्या कामातून कळलं की ते एक प्रथिन आहे, एफटी नावाच्या जीनपासून बनणारं (भातात त्याच्या भावंडाला एचडी३ए म्हणतात). ते पानात बनतं, अन्नरसाच्या नळ्यांमधून शेंड्याला पोचतं, तिथे एफडी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन मिळतं आणि मग दोघं मिळून एपी१सारखे फुलं घडवणारे जीन्स चालू करतात. म्हणजे पानं झडलेल्या किंवा किडीने खाल्लेल्या फांदीकडून मोहोराची अपेक्षा करण्यात फार अर्थ नाही, निरोप पाठवणारंच कोणी नसतं तिथे.

या एफटीच्या विरुद्ध काम करणारा जीन म्हणजे टीएफएल१. गंमत म्हणजे दोघं एकाच कुळातले, दिसायला जवळजवळ सारखे, पण टीएफएल१चं प्रथिन त्याच एफडीची जागा अडवून बसतं आणि फुलांचे जीन्स चालू होऊ देत नाही, झाड पालवीच फोडत राहतं. सफरचंदात हा टीएफएल१ दाबला तर रोप फार लवकर फुलतं हे प्रयोगात दिसलंय, आणि जंगली स्ट्रॉबेरीच्या काही जाती वर्षभर फुलत राहतात त्याचं कारण याच जीनमधला बिघाड आहे. आंब्यातही एफटी आणि टीएफएल१ दोन्ही आहेत, एकेकाच्या एकापेक्षा जास्त प्रती आहेत, आणि २०२० मधे हापूसचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीन्सचा आराखडा, प्रसिद्ध झाल्यापासून (आंब्याला गुणसूत्रांच्या २० जोड्या) हे शोधणं बरंच सोपं झालंय.

आता एफटी चालू कशाने होतो, तर इथेच झाडाझाडात फरक पडतो. अरॅबिडॉप्सिसमधे दिवस मोठा झाला की चालू होतो. आंब्याचं तसं नाही. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस साधारण ११ तासांचा आणि जूनचा सव्वातेरा, फरक तसा थोडाच, आणि आंबा त्याकडे बघतही नाही, तो बघतो थंडीकडे. रात्री गार व्हायला लागल्या, पारा १५ अंशांच्या आसपास उतरला आणि असे काही दिवस सलग मिळाले की पानांतलं एफटी वाढतं, आणि काडी तयार असेल तर डोळ्यातून पालवीऐवजी मोहोर येतो. काडी तयार असणं तितकंच महत्त्वाचं, पावसानंतर आलेली कोवळी तांबूस पालवी अजून हिरवी, कडक झाली नसेल तर थंडी पडूनही उपयोग होत नाही. म्हणून ऑक्टोबरात उशिरापर्यंत पाऊस लांबला की नवीन पालवी येते आणि मोहोर पुढे जातो. ठाणे शहरात सिमेंट-डांबर रात्रभर गरम राहतं, वर खाडीची दमट हवा, त्यामुळे मुरबाड-बदलापूरकडे रात्री जेवढ्या गार होतात तेवढ्या घोडबंदर रोडला होत नाहीत, आणि जो डोळा थंडीची वाट बघतोय त्याला या दोन-चार अंशांचा फरक कळतो. सोसायटीतल्या झाडाला खत घालून घालून दमलेल्या लोकांनी खताआधी हे समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

थंड प्रदेशातल्या झाडांची गोष्ट वेगळी आहे. सफरचंद, पीच यांचे डोळे हिवाळ्यात झोपलेले असतात आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय उठत नाहीत. या झोपेमागे डॅम नावाचे जीन्स आहेत. मेक्सिकोतल्या एका पीचमधे या गटातल्या जीन्सचा तुकडाच गळालेला आहे आणि ते झाड हिवाळ्यातही झोपत नाही, वाढतच राहतं, त्यावरूनच हे जीन्स सापडले. हल्ली नवी मुंबईतही लोक गच्चीवर अन्ना किंवा हरिमन-९९ सफरचंद लावतात, त्या कमी थंडीत भागणाऱ्या जाती आहेत.

आंब्यात थंडीने जे होतं तेच काही झाडांत पाण्याच्या ताणाने होतं. विदर्भ-मराठवाड्यात संत्रं, मोसंबी, लिंबू यांना पाणी तोडून ताण देतात आणि मग आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार (वर्षातले फुलांचे वेगवेगळे हंगाम) धरतात, आपल्या शेतकऱ्याची ही जुनी पद्धत, आणि ताणाच्या काळात लिंबूवर्गीय झाडांच्या पानांत एफटी वाढतं हे नंतर प्रयोगशाळेत दिसलं.

वयाचा प्रश्न मात्र थंडीने किंवा ताणाने सुटत नाही. कोयीपासून लावलेला रायवळ आंबा पाच-सात वर्षं, कधी त्याहून जास्त, नुसता वाढतो. या लहानपणात एमआयआर१५६ नावाचा छोटासा आरएनए (जीन्सचं काम आवरणारा रेणू) भरपूर असतो आणि तो फुलांकडे नेणाऱ्या एसपीएल जीन्सना दाबून ठेवतो, झाड मोठं होत जातं तसा तो कमी होतो. कलमाला मात्र थांबावं लागत नाही, कारण वरची काडी आधीच मोठ्या झाडाची असते आणि ते मोठेपण ती सोबत घेऊन येते. म्हणूनच नर्सरीत पिशवीतल्या हातभर कलमाला कधी कधी मोहोर दिसतो. तो खुडून टाकावा, पहिली दोन-तीन वर्षं झाड बांधू द्यावं.

आणि मग एक वर्षाआड येण्याचा प्रकार, हापूसचं सगळ्यात मोठं दुखणं. एका वर्षी झाड लगडतं, पुढच्या वर्षी रुसतं. लोक म्हणतात झाड दमलं, ते काही अंशी खरंच आहे, साठवलेलं अन्न संपतं, पण जीन्सचा भागही मोठा आहे. वाढणाऱ्या फळांच्या बियांमधून जिबरेलिन नावाचं संप्रेरक निघतं आणि ते मोहोराला मारक असतं. स्पेनमधे लिंबूवर्गीय झाडांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की फळांनी भरलेल्या फांदीच्या पानांत एफटी वाढतच नाही, कारण एफटीला दाबणारा दुसरा एक जीन तिथे चालू राहतो, आणि नवीन फूट येईपर्यंत ती खूण पुसली जात नाही. एकाच झाडाची अर्धी बाजू मोहोरलेली आणि अर्धी नुसती पालवीत, असं आपण बघतो ना, ते अशा फांदीफांदीच्या हिशेबातूनही होतं.

यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे नवीन जाती. नीलम दरवर्षी येतो म्हणून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना (१९८१) आणि मग रत्ना आणि हापूसमधून सिंधू (१९९२) तयार झाला, दिल्लीत दशहरी-नीलममधून आम्रपाली. दुसरा उपाय पॅक्लोब्युट्राझोल, बागायतदार ज्याला सरसकट कल्टार म्हणतात. हे औषध झाडात जिबरेलिन बनूच देत नाही, त्यामुळे एफटीवरचा दाब कमी होतो. कोकणात ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली या हिशेबाने, पाण्यात मिसळून मुळांशी घालतात, तेही दहा वर्षांवरच्या जोमदार झाडाला. मोहोर लवकर आणि जास्त येतो हे खरं, पण औषध मातीत बराच काळ राहतं, आणि खत-शेणखत न देता दरवर्षी ओतलं तर फांद्या आखूड, पेरं जवळजवळ आणि झाड खालावतं. पाच फळांच्या हौसेसाठी सोसायटीच्या झाडाला हे घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याची उलटी बाजू म्हणजे पुनर्मोहोर. थंडी लांबली की वाटाण्याएवढी कैरी धरलेल्या काडीवरच पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कैरी गळते. तिथे ५० पीपीएम जिबरेलिक आम्लाची फवारणी सुचवतात, म्हणजे एकीकडे जे संप्रेरक कमी करायचं तेच दुसरीकडे बाहेरून द्यायचं. फिलिपिन्समधे रॅमन बार्बा यांनी १९७० च्या दशकात पोटॅशियम नायट्रेट फवारून आंबा हवा तेव्हा मोहोरवून दाखवला, पण तोही काडी पक्व असेल तरच.

थेट जीन बदलूनही काम झालंय. २००१ मधे स्पेनमधे लिंबूवर्गीय रोपांत अरॅबिडॉप्सिसचे फुलांचे जीन्स घातले तर ती पहिल्याच वर्षी फुलली, जर्मनीत सफरचंदात बर्च झाडाचा जीन घालून असंच केलं, अमेरिकेत प्लममधे पॉपलरचा एफटी वापरला. यातून नवीन जात काढायला लागणारी वर्षं कमी होतात, आणि शेवटच्या पिढीत तो बाहेरचा जीन नसलेली रोपंच निवडता येतात.

शहरातल्या झाडासाठी यातलं सगळ्यात उपयोगी म्हणजे छाटणीची वेळ. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकालाच येतो, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात फांद्या उतरवल्या तर तेवढा मोहोर गेला, आणि कापलेल्या जागी येणारी पालवी थंडीपर्यंत तयार होत नाही. फळं उतरल्यावर लगेच केलेल्या छाटणीला काडी पिकायला चार-सहा महिने मिळतात. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे महापालिका हद्दीत छाटणीला आधी परवानगी लागते आणि तिला वेळ जातो, तेव्हा अर्ज झाडावर कैऱ्या असतानाच टाकावा.