अनुतरंग आणि अवतरंग: दिशेचा फरक आणि त्यामागचे बल

तरंग ज्या दिशेने पुढे जातो त्याच दिशेत माध्यमाचे कण मागेपुढे होत असतील तर तो अनुतरंग, आणि त्या दिशेला लंब असे हलत असतील तर तो अवतरंग, ही व्याख्या शाळेत सर्वांचीच पाठ होते. तरीही हवेतला ध्वनी कोणत्या प्रकारात मोडतो असे विचारले, की अनेक विद्यार्थी अवतरंग असे लिहून मोकळे होतात. याला बऱ्याच अंशी आकृती कारणीभूत आहे. ध्वनीचा आलेख नागमोडी रेषेने काढला जातो, परंतु त्याच्या उभ्या अक्षावर बहुधा हवेचा दाब किंवा घनता असते. रेषा वर गेली तेथे संपीडन (हवा दाट), खाली आली तेथे विरलन (हवा विरळ), एवढाच तिचा अर्थ. आडव्या दिशेने जाणाऱ्या ध्वनीमुळे हवेचे थर वरखाली होत नाहीत.

लांब, सैल स्प्रिंग गुळगुळीत फरशीवर ताणून ठेवावी आणि मधल्या एका वेढ्याला रंगीत दोरा बांधावा. स्प्रिंगचे टोक पुढे ढकलून मागे ओढले तर दाट झालेल्या वेढ्यांचा पट्टा पुढे सरकतो आणि दोरा त्याच रेषेत पुढेमागे होऊन मूळ जागी येतो. तेच टोक बाजूला झटकले तर उंचवटा धावत जातो आणि दोरा आडवा सरकून परत येतो. दोन्ही वेळा ऊर्जा पुढे गेली, दोरा मात्र जागेवरच राहिला. आयाम, वारंवारिता आणि तरंगलांबी या राशी दोन्ही प्रकारांना सारख्याच लागू पडतात आणि वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी हे सूत्रही तेच. उदाहरणार्थ, ०° सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो, म्हणून ३३१ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे १ मीटर येते.

माझ्या मते या दोहोंतला खरा फरक दिशेच्या मागे आहे. हललेल्या कणाला परत आणणारे बल कोठून येते, हा प्रश्न विचारावा. अनुतरंगात माध्यम दाबले जाते, आणि दाबले जाण्याला घन, द्रव व वायू हे तिन्ही विरोध करतात. अवतरंगात एक थर शेजारच्या थरावरून घसरू पाहतो, म्हणजे माध्यमाचा आकार बदलतो. घन पदार्थ त्याला विरोध करून मूळ आकाराकडे परततो, द्रव आणि वायू मात्र नुसते वाहतात. म्हणूनच ध्वनी हवेतून व पाण्यातून अनुतरंगाच्याच रूपात जातो. प्रकाश अवतरंग असूनही हवेतून आणि निर्वातातूनही येतो, कारण तेथे कण नव्हे तर विद्युत व चुंबकीय क्षेत्रे दोलन करत असतात.

समुद्राच्या लाटांचे काय, अशी शंका येथे रास्तच आहे. त्या लाटांत पाण्याला मूळ पातळीवर आणणारे बल स्थितिस्थापकतेचे नसून गुरुत्वाकर्षणाचे असते, आणि खोल समुद्रात पृष्ठभागाजवळचे पाणी जवळजवळ वर्तुळात फिरते. त्यामुळे ही लाट अवतरंगाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, ते मला योग्य वाटत नाही. तिच्यात दोन्ही दिशांची हालचाल एकत्र असते.

हा फरक सर्वांत मोलाचा ठरला तो भूकंपशास्त्रात. भूकंपाच्या वेळी खडकातून दोन्ही प्रकारचे तरंग एकाच वेळी निघतात. अनुतरंग म्हणजे प्राथमिक किंवा पी लहरी, त्या भूकवचात साधारणपणे सेकंदाला ६ किमी वेगाने जातात. अवतरंग म्हणजे दुय्यम किंवा एस लहरी, त्यांचा वेग ३.५ किमीच्या आसपास असतो. केंद्रापासून १०० किमी अंतरावरच्या भूकंपमापकावर पहिली थरथर सुमारे १७ सेकंदांनी आणि दुसरी सुमारे २९ सेकंदांनी उमटते. दोहोंमधल्या १२ सेकंदांवरून अंतर काढता येते, आणि निदान तीन ठिकाणच्या भूकंपमापकांवरच्या नोंदी जुळवल्या की भूकंपाचे ठिकाण सापडते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले रिचर्ड ओल्डहॅम यांनी आसाममधील १२ जून १८९७ च्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास करताना दूरच्या नोंदींमध्ये हे दोन टप्पे वेगळे ओळखले, आणि १९०६ मध्ये अशाच नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले. हा गाभा द्रव आहे हे १९२६ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीझ यांनी मांडले. सुमारे २,९०० किमी खोलीवर गाभ्याची सीमा लागते. तेथे पी लहरींचा वेग सेकंदाला १३ किमीहून अधिक असतो तो एकदम ८ किमीपर्यंत घसरतो, आणि एस लहरी तर गाभ्यात शिरतच नाहीत. द्रवात अवतरंगाला लागणारे बलच नसते, हे तत्त्व येथे पुरावा म्हणून वापरले गेले. पुढे १९३६ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी जिथे पोहोचायला नकोत तिथे नोंदल्या गेलेल्या क्षीण पी लहरींवरून या गाभ्याच्या आत आणखी एक अंतर्गाभा असल्याचे ताडले. तो घन असल्यामुळे त्यातून अवतरंग जाऊ शकतात; मात्र तेथे जाण्यासाठी ऊर्जेला द्रव बाह्यगाभा अनुतरंगाच्या रूपातच ओलांडावा लागतो आणि अंतर्गाभ्याच्या सीमेवर तिचा काही भाग अवतरंगात बदलतो.