टीव्हीवरचं ‘प्राचीन जंगल’ आणि लावलेलं जंगल

सह्याद्रीवरचा एखादा कार्यक्रम लावा. ड्रोन वर चढतो, हिरवागार डोंगर दिसतो आणि निवेदक सांगतो, ‘हे प्राचीन, घनदाट जंगल.’ खाली मात्र पुष्कळदा ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर गिरिपुष्प, म्हणजे बाहेरून आणून लावलेलं झाड उभं असतं. हे ऐकून ऐकून कान किटलेत.

लावलेलं जंगल सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे: सरळ रांगा, एकच वय, एकच उंची. साग दिसला की लगेच लागवड समजू नका, एवढंच. ताडोब्यातला साग मूळचाच आहे.

घोटाळा होतो तो ‘घनदाट’ या खुणेमुळे. दाटी काही वर्षांत होते. घाणेरीची झुडपं माजली तरी रान दाट दिसतं. जुनेपण ओळखायचं ते म्हाताऱ्या आणि मेलेल्या झाडांवरून. कोकणातल्या देवराईतला, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातला जुना बेहडा बघा. त्याच्या खोडात ढोली असते, आणि महाधनेश या पक्ष्याला घरट्यासाठी नेमकी तीच लागते, कारण त्याला स्वतःला खोड पोखरता येत नाही. मादी आत बसून दार लिंपून घेते आणि नर उंबर-वडाची फळं आणून फटीतून भरवतो. एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली तयार व्हायला झाड खूप वर्षं उभं राहावं लागतं. लागवडीतलं झाड त्याआधीच तोडलं जातं.

वाळून उभ्या खोडाचंही तेच. सुतारपक्षी ते कोरतो, पुढे त्याच भोकात पोपट किंवा मैना संसार मांडते. पावसाळ्यात भीमाशंकरची रात्री चमकणारी बुरशी सगळे कौतुकाने दाखवतात. ती उगवते कुजक्या लाकडावरच, हे सांगायचं मात्र राहून जातं. मग देवराईत ‘स्वच्छता’ म्हणून पडलेली खोडं उचलली जातात आणि मोकळ्या जागेत रोपं लावून फोटो काढले जातात. मला याचा मनापासून राग येतो. पूर्वी कित्येक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक होता, आणि जंगलासाठी तोच योग्य होता.

म्हणून कार्यक्रम बघताना हिरवाईपेक्षा खोडं आणि जमीन बघा. वेगवेगळ्या जाडीची खोडं, मनगटापेक्षा जाड वेली, आडवं पडून शेवाळलेलं लाकूड, अधूनमधून उजेडाचा कवडसा. ड्रोनच्या दहा फेऱ्यांपेक्षा एका ढोलीसमोर तासभर रोखलेला कॅमेरा मला कधीही जास्त मोलाचा वाटतो.