साताऱ्याचा पिनकोड कसा फुटतो

सातारकर पत्त्याच्या शेवटी ४१५००१ लिहितात, सांगलीकर ४१६४१६. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले ते टपाल नीट वाटलं जावं म्हणून. गणिताचा त्यात काही हेतू नव्हता. तरी या दोन संख्या शेजारी ठेवून पाहाव्यात. अंतर अवघं १४१५ चं, पण स्वभाव दोन टोकांचे.

सांगलीची संख्या चटकन उलगडते. कुठलेही तीन अंक लागोपाठ दोनदा लिहिले की तयार होणारी संख्या १००१ च्या पटीत असते, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. शिवाय ४१६ मध्ये २ पाच वेळा आणि १३ आणखी एकदा दडलेला. एकूण विभाजक तब्बल ७२!

सातारा मात्र दाद देत नाही. २, ३, ५ ने भाग जात नाही हे शाळेतल्या कसोट्यांनीच कळतं. ७, ११, १३ नेही नाही. ८३ ने भागलं की बाकी १ उरते. २४१ ने भागायला जावं तर नेमका एक कमी पडतो. हातातोंडाशी आलेला घास जातो. असं करत पहिल्या १११ मूळ संख्या संपतात, तरी हाती काही लागत नाही. ही स्वतःच मूळ संख्या असावी, असं कुणालाही वाटेल.

फ्रेंच गणिती फर्मा यानं १६४३ च्या सुमारास वेगळी वाट दाखवली. दिलेल्या संख्येच्या वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करायची. उरलं तेही पूर्णवर्ग असेल तर काम फत्ते. नसेल तर एकेक पुढे सरकायचं. ४१५००१ चं वर्गमूळ ६४४.२ च्या आसपास येतं, म्हणून ६४५ घेऊ.

६४५² = ४१६०२५
४१६०२५ − ४१५००१ = १०२४ = ३२²

पहिल्याच फटक्यात! आता दोन वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र लावायचं: (६४५ − ३२) × (६४५ + ३२), म्हणजे ६१३ × ६७७. दोन्ही मूळ संख्या. सांगलीच्या ७२ विभाजकांसमोर साताऱ्याचे चारच: १, ६१३, ६७७ आणि ४१५००१. मला याहून सुंदर वाटतं ते हे, की सांगलीलाही ही युक्ती पहिल्याच खेपेला लागू पडते. ६४६² मधून ४१६४१६ वजा केले की ९०० उरतात, म्हणजे ३०². अवयव ६१६ आणि ६७६.

युक्ती इतकी झटपट चालली, कारण साताऱ्याचे दोन्ही अवयव जवळजवळ आहेत. फरक ६४ चा, म्हणजे २ चा सहावा घात. अवयव दूर असते तर एकेक सरकताना दमछाक झाली असती. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणारी आरएसए पद्धत अशाच दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे; २०४८ बिटांची किल्ली म्हणजे ६१७ अंकी संख्या. ती फर्माच्या युक्तीनं फुटू नये म्हणून अमेरिकी मानकानं अटच घातली: दोन मूळ संख्यांमधला फरक २ च्या ९२४ व्या घातापेक्षा मोठा हवा.