एलसीबीची माणसं मोठ्या घटनेला येतात कुठून? खान्देशातली पार्श्वभूमी

गणपती विसर्जनाला जळगावात नाहीतर धुळ्यात मिरवणूक बघायला गेलात तर नीट बघा, एरवी साध्या कपड्यात फिरणारे एलसीबीवाले, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेचे लोक, त्या दिवशी गर्दीत पाकीटमारांवर डोळा ठेवून असतात आणि त्यातले काही तर चक्क खाकी चढवून बंदोबस्ताला उभे असतात. लोकांना वाटतं एलसीबी म्हणजे वेगळं खातं, पण तसं नाहीये, ती एसपींच्या, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या, हाताखालची एक शाखा, एक पीआय (निरीक्षक), त्याच्याखाली थोडे एपीआय-पीएसआय (सहायक निरीक्षक आणि उपनिरीक्षक), बाकी हवालदार-शिपाई, आणि ही माणसं जिल्ह्याच्याच मंजूर मनुष्यबळातून निवडून घेतलेली. म्हणजे काही मोठं घडलं की ताट एकच आणि वाढायचं चौघांना, बंदोबस्त, तपास, व्हीआयपी आणि रोजचं पोलीस स्टेशन.

हा प्रश्न खान्देशाला नवीन नाही. १८१८ ला इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात भिल्लांचे उठाव चालू होते, नुसती फौज पाठवून काही जमेना. मग १८२५ ला त्यांनी कामाची वाटणी केली, जिल्ह्यात तीन भिल्ल एजन्सी काढल्या, एजंटचं काम लोकांशी बोलणं, कोण कुठल्या पाड्यावर आहे ते कळवून घेणं, भांडणं मिटवणं, आणि दुसरीकडे जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचीच एक पलटण उभी केली, ती खान्देश भिल्ल कोअर. एकीकडे माहिती काढणारे, एकीकडे बळ वापरणारे. साम्राज्याचाच कारभार तो, कौतुक करायची गरज नाही, पण माहिती काढणारा आणि बंदूक धरणारा हे वेगळे लागतात हे इथे तेव्हाच कळलं होतं. स्थानिक माणूस घेण्यातला धोकाही इथेच दिसला, भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक अनेक वर्षं मध्य प्रदेशाकडच्या सेंधवा घाटाचा रस्ता राखायच्या नोकरीत होता, घाटातली वाट न वाट त्याला माहीत, आणि १८५७ ला तोच इंग्रजांच्या विरोधात उठला, पुढे १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली. ज्याला रस्ता माहीत त्याला रस्ता अडवताही येतो ना!

पुढे १८६१ चा पोलीस कायदा आला, मग फ्रेझर कमिशनने १९०२-०३ ला सांगितलं की प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषणाचा वेगळा विभाग हवा, त्यातूनच १९०५ ला आपल्याकडची सीआयडी सुरू झाली. त्याच सुमारास, १९०६ ला, खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. म्हणजे एकाचे दोन एसपी, दोन मुख्यालयं. नंतर १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला तेव्हा परत तीच वाटणी, आता तीन एलसीबी, आणि चोर मात्र धुळ्यात घर फोडून सेंधव्याला नाहीतर सुरतेला निघून जातो, त्याला जिल्ह्याच्या हद्दीशी काय देणंघेणं.

बळाची बाजू नंतर बरीच भरली. होमगार्ड १९४६ ला मुंबईत सुरू झाले, एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस, १९४८ ला, त्यांचा गट क्रमांक ६ धुळ्यातच आहे, नंतर आरसीपी (दंगल नियंत्रण पथक) आणि क्यूआरटी (शीघ्र कृती दल). दंगा काबू योजनेच्या रंगीत तालमी तुम्ही चौकात बघितल्या असतीलच. पण तपासवाल्यांची राखीव फळी अशी कुठे नाही, मोठा गुन्हा झाला की एलसीबी, पोलीस स्टेशनचं डीबी पथक (गुन्हे शोध पथक), सायबरवाले यांच्यातून दोन-दोन माणसं उचलायची आणि एसआयटी (विशेष तपास पथक) नाहीतर नुसतं ‘विशेष पथक’ असं नाव द्यायचं.

धुळ्यात ६ जानेवारी २०१३ ला दंगल झाली, पोलीस गोळीबारात सहा जण गेले. अशा वेळी रस्त्यावर जेवढी माणसं लागतात तेवढीच पंचनामे, जबाब आणि फुटेज गोळा करायला लागतात, तेही त्याच तासात, नंतर रस्ता झाडून निघतो. साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं, तिथे तर आरोपी म्हणजे जमाव, मोबाईलच्या व्हिडिओतून एकेक चेहरा ओळखायचा, आणि तो ओळखणार कोण तर पाड्यावरची बोली आणि माणसं माहीत असलेला एखादा जुना हवालदार. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडेला पुष्पक एक्सप्रेसमधून आग लागल्याच्या अफवेने लोक उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले, तिथे मुख्य काम ओळख पटवायचं होतं, मयतांमध्ये नेपाळचेही लोक होते.

तपासात कामं कशी वाटायची याचा धडा शिकायला इंग्लंडमध्ये बरीच किंमत मोजली. १९७५ ते १९८० मध्ये यॉर्कशायर रिपर नावाने ओळखल्या गेलेल्या खुन्याने १३ बायका मारल्या, पोलिसांनी त्याला तपासात नऊ वेळा विचारपूस करून सोडलं, कारण माहिती हजारो कार्डांवर पडलेली आणि एक कार्ड दुसऱ्याला भेटतच नव्हतं. नंतर तिथे तपासाच्या खोलीत कोण काय करणार ते ठरवून टाकलं, माहिती घेणारा एक, वाचणारा एक, नोंदवणारा एक, कामं वाटणारा एक, मुद्देमालवाला एक, आणि होम्स नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आली. आपल्याकडे हे पाचही बऱ्याचदा एकच रायटर, म्हणजे लिखापढी करणारा पोलीस, करतो आणि मधे चहा पण सांगतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यायचं, झडतीचं व्हिडिओ शूटिंग करायचं. चांगलंच आहे, पण माणूस तिथेही लागतो.

आता २०२७ ला नाशिकचा कुंभ. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही नाशिक परिक्षेत्रातले, त्यामुळे इथली माणसं तिकडे जाणार हे नक्की, वाद होईल तो एलसीबीतले किती पाठवायचे आणि किती ठेवायचे यावर, कारण बंदोबस्त कुठे लागलाय हे घरफोडीवालेही पेपरात वाचतात.