कम्युनिटी स्ट्रिंगची पार्श्वभूमी: शेजारच्या नेटवर्कला काय दिसू द्यायचं

अपस्ट्रीमनं, म्हणजे लहान सेवादार ज्याच्याकडून इंटरनेट घेतो त्या नेटवर्कनं, आपल्या राउटरवरचे आकडे खालच्या नेटवर्कला पाहू द्यावेत का, आणि द्यायचेच तर कोणते, हा प्रश्न नागपुरातल्या लहान इंटरनेट सेवादारांमध्ये पुन्हा पुन्हा निघतो. बहुधा निघतो तो वर्धा रोडकडे कुठेतरी खोदकाम चालू असताना, लिंक अर्धमेली झाल्यावर. लिंक पूर्ण तुटली तर वाद नसतो. फायबर कट म्हणजे फायबर कट. डोकेदुखी सुरू होते ती शंभरातली चार पॅकेटं गळायला लागली की. आपल्या बाजूचा पोर्ट स्वच्छ दिसतो. आपण पाठवलेला उजेड पलीकडे कसा पोचतोय, तिथल्या पोर्टवर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेली पॅकेटं, वाढताहेत का, हे पलीकडच्यालाच दिसतं. फोनवर उत्तर ठरलेलं: "आमच्याकडून सगळं ओके आहे जी, तुम्ही तुमच्या साइडला बघा." तो एक आकडा दिसला असता तर तासाभराची बोलाचाली वाचली असती.

असा एकच आकडा परक्याला दाखवायची सोय १९८८ सालीच कागदावर उतरली होती. ती वापरात का आली नाही, त्याची ही हकिगत.

नोव्हेंबर १९८७ मध्ये गेटवेंवर, म्हणजे नेटवर्क जोडणाऱ्या राउटरांवर, नजर ठेवायचा एक साधा प्रोटोकॉल आरएफसी १०२८ म्हणून आला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित कागद. एप्रिल १९८८ मध्ये आरएफसी १०५२ नं वाट ठरवली: तूर्त एसएनएमपी, म्हणजे त्याच साध्या प्रोटोकॉलचं सुधारलेलं रूप, चालवा, पुढे आंतरराष्ट्रीय मानकांच्या भारदस्त सीएमआयपी या प्रोटोकॉलकडे जा. पुढचं ते कधी आलंच नाही आणि तूर्तचं कायमचं झालं. पण घाईत लिहिलेला म्हणून त्या पहिल्या एसएनएमपीला नावं ठेवणं बरोबर नाही. ऑगस्ट १९८८ चा आरएफसी १०६७ आणि मे १९९० मध्ये तोच मजकूर पक्का करणारा आरएफसी ११५७ नीट वाचला, तर एक शब्द वारंवार भेटतो, व्ह्यू. राउटरच्या माहितीच्या झाडातला जेवढा भाग समोरच्याला दिसू द्यायचा, तेवढा म्हणजे त्याचा व्ह्यू. त्याला 'फक्त वाचा' किंवा 'वाचा आणि लिहा' अशी मुभा जोडायची आणि हे सगळं एका कम्युनिटीला द्यायचं. कम्युनिटी म्हणजे राउटर आणि त्याला प्रश्न विचारू शकणारी मंडळी यांच्यातलं नातं. एका राउटरच्या हव्या तेवढ्या कम्युनिटी असू शकतात: घरच्यांसाठी एक, ग्राहकासाठी दुसरी, शेजाऱ्यासाठी तिसरी.

नागपूरकराला ही कल्पना परकी वाटू नये. या शहरात रेल्वेच्या दोन वेगवेगळ्या झोनचे दोन विभाग नांदतात आणि दोघांचंही नाव नागपूर विभागच. गाड्या रोज एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातात. गाडी हद्दीवर किती वाजता येतेय, हे पलीकडच्या कंट्रोलला कळावं लागतं. त्यासाठी अख्ख्या यार्डाचा नकाशा हाती द्यावा लागत नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते त्या एका शब्दातच. कम्युनिटीच्या नावावर दोन प्रश्नांचा भार टाकला गेला: विचारणारा कोण, आणि त्याला काय दिसावं. पहिल्याचं उत्तर म्हणून ते नाव प्रत्येक पॅकेटमध्ये उघड्या अक्षरांत, यूडीपीच्या १६१ पोर्टवर जात असे (हा पोर्ट म्हणजे तार लावायची जागा नव्हे, संदेशाच्या पत्त्यातला क्रमांक). वाटेत कुणीही वाचावं. म्हणजे नाव हाच पासवर्ड झाला. उपकरणं कारखान्यातूनच वाचण्यासाठी 'पब्लिक' आणि लिहिण्यासाठी 'प्रायव्हेट' घेऊन येऊ लागली आणि बसवणाऱ्यानं ते बदलायचे कष्ट घेतले नाहीत. नात्याचा अर्थ गळून पडला, व्ह्यूचा रकाना रिकामा राहिला, आणि 'कम्युनिटी स्ट्रिंग काय आहे?' हा प्रश्न 'पासवर्ड काय आहे?' याला पर्याय झाला.

हे दुरुस्त करायचा मोठा प्रयत्न १९९३ मध्ये झाला आणि त्याचं पुढे जे झालं त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. आरएफसी १४४१ ते १४५२ अशा बारा कागदांत एसएनएमपीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात कम्युनिटीच्या जागी पार्टी होती. प्रत्येक संदेशाला पाठवणारी पार्टी, घेणारी पार्टी आणि संदर्भ, अशी तीन अंगं. खरेपणासाठी एमडी५, गुप्ततेसाठी डीईएस या गणिती पद्धती. कोणती पार्टी कोणत्या पार्टीला कोणत्या संदर्भात काय विचारू शकते, याचा वेगळा तक्ता. स्वतंत्रपणे चालवलेल्या दोन नेटवर्कांनी एकमेकांना मोजकं दाखवावं, यासाठी याहून नेमकी मांडणी तोवर झाली नव्हती.

पण ती हातानं भरायची कुणी? एकाच माणसाच्या एकाच यंत्रासाठी जाणारी पार्टी वेगळी, येणारी वेगळी, साध्या संदेशाची वेगळी, गुप्त संदेशाची वेगळी. प्रत्येक पार्टीचं घड्याळ सांभाळायचं. घड्याळं एकमेकांपासून सरकली की संदेश नाकारले जायचे, आणि तेही नेमके नेटवर्क आजारी असताना. १९९५ मध्ये फेरविचार सुरू झाला तेव्हा पार्टी नको, यावर बऱ्यापैकी एकमत होतं. तिच्या जागी काय, यावर नव्हतं. व्हीटूयू आणि व्हीटूस्टार असे दोन तट पडले आणि मुदत संपली तरी जुळलं नाही. जानेवारी १९९६ मध्ये आरएफसी १९०१ नं मधला मार्ग काढला: दुसऱ्या आवृत्तीतल्या बाकी सगळ्या सुधारणा घ्या, ओळख पटवण्याचं तेवढं पूर्वीसारखं कम्युनिटीवर सोडा. हेच व्हीटूसी. त्या कागदावर 'प्रायोगिक' असा शिक्का होता. आज नागपुरातल्या कुठल्याही टॉवरवरचा स्विच उघडून बघा, तो बहुधा याच प्रयोगावर चालतोय.

त्या निर्णयाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण पर्याय काहीच न देण्याचा होता. आणि लोकांना निकड होती ती सुरक्षेपेक्षा मोठ्या काउंटरची. लिंकवरून गेलेले बाइट मोजणारा जुना काउंटर ३२ बिटांचा. १०० एमबीपीएसची लिंक भरून वाहिली तर तो पावणेसहा मिनिटांत शून्यावर येतो. १ जीबीपीएसला ३४ सेकंदांत. दर पाच मिनिटांनी आकडा घेणाऱ्याला मधल्या फेऱ्या कळणारच नाहीत, आलेख खोटा निघणार. ६४ बिटांचा काउंटर दुसऱ्या आवृत्तीत होता, पहिलीत नव्हता. व्हीटूसीनं तो सुरक्षेची झंझट न लावता हाती दिला. लोकांनी उचलला, यात नवल नाही.

तरी मला हा निर्णय महाग पडला असंच वाटतं, आणि त्याची किंमत मोठ्या नेटवर्कांनी फारशी मोजली नाही. ज्याचे दोन्ही टोकांचे राउटर स्वतःचे आहेत, त्याला परक्याची ओळख पटवायचा प्रश्नच येत नाही. मोजली ती, ज्याच्या लिंकचं दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात आहे, त्यानं. कम्युनिटीला व्ह्यू बांधायची सोय कित्येक राउटरांत तेव्हाही होती, आजही आहे. पण उघड्या अक्षरांत जाणारा पासवर्ड हद्दीबाहेर कुणी देत नाही, आणि त्यात चूक काही नाही. पहिला प्रश्न सुटला नाही म्हणून दुसऱ्याचं दार बंद राहिलं.

दोन्ही प्रश्न वेगळे झाले ते जानेवारी १९९८ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. ओळख पटवण्याचं काम एका भागाकडे, व्ह्यूचं काम दुसऱ्याकडे. डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३४११ ते ३४१८ हे पूर्ण मानक झालं. त्यातल्या ३४१५ मधला मास्क, म्हणजे व्ह्यू आखायची बिटांची चाळणी, बघण्यासारखा आहे. इंटरफेसच्या तक्त्यात आडवं गेलं की रकाने, उभं गेलं की पोर्ट. मास्कमधला एक बिट शून्य केला की 'रकाना कोणताही चालेल, पोर्ट मात्र दुसऱ्या क्रमांकाचाच' असं सांगता येतं. ग्राहकाला त्याची ओळ दिसते, शेजारची नाही. सुरुवातीला म्हटलेला एरर काउंटर याच ओळीत असतो.

यातही एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो होतो. एका रविवारी राउटरमध्ये कार्ड वाढवलं, तो बंद करून चालू केला. पोर्टचे क्रमांक एकानं सरकले. मानकानुसार रीस्टार्टनंतर ते तेच राहतील याची हमी नसते. सोमवारी सकाळी एका शिकवणी वर्गाच्या संचालकांचा फोन: "भाऊ, काल क्लास बंद होता, मग रात्रभर चाळीस एमबी कोण वापरत होतं?" त्यांना दिसत होता तो एका दवाखान्याचा आलेख. व्ह्यू चोख होता, मास्क चोख होता. ज्या ओळीकडे तो बोट दाखवत होता ती बदलली होती. त्या दिवसापासून क्रमांक कायम ठेवणारी सेटिंग आम्ही आधी लावतो, व्ह्यू नंतर बांधतो.

तिसरी आवृत्ती मानक होत होती त्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये, पहिल्या आवृत्तीचे संदेश वाचणाऱ्या असंख्य उपकरणांत त्रुटी असल्याचं जाहीर झालं. वेडीवाकडी पॅकेटं पाठवली की उपकरण कोलमडायचं. उपाय म्हणून नेटवर्कांनी हद्दीवर १६१ आणि १६२ हे पोर्ट सरसकट बंद केले. तो पहारा बहुतेक ठिकाणी तसाच राहिला.

भारतात लहान नेटवर्कांची गर्दी व्हायला लागली ती याच सुमारास. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणानं सेवादारांचे तीन वर्ग केले. त्यातला 'क' वर्ग एका दूरसंचार जिल्ह्यापुरता, म्हणजे आपल्याकडे नागपूर आणि परिसर. केबलवाल्यांतूनच पुढे सेवादार उभे राहिले. ते या क्षेत्रात आले तेव्हा दार आधीच लागलेलं होतं. आकड्याऐवजी त्यांना मिळालं चित्र: पोर्टलवर लॉगिन करा, पाच मिनिटांच्या सरासरीचा हिरवा-निळा आलेख बघा. बिलासाठी लागतं तेवढं त्यात असतं. एरर नसतात.

त्यामुळे नेटवर्कांमधली देवाणघेवाण दुसऱ्या वाटेनं गेली, आणि दुर्दैवानं त्या वाटेचं नावही कम्युनिटीच. ऑगस्ट १९९६ च्या आरएफसी १९९७ नं बीजीपीच्या, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना रस्ते कळवतात त्या प्रोटोकॉलच्या, मार्गांवर ३२ बिटांची चिठ्ठी लावायची सोय केली. अर्धा भाग नेटवर्कचा क्रमांक, अर्धा भाग ज्याचा त्यानं ठरवलेला अर्थ: हा मार्ग मुंबईत मिळाला, हा ग्राहकाचा आहे, हा पुढे देऊ नका. राउटरच्या कम्युनिटीशी तिचा काही संबंध नाही. नवा मुलगा फोनवर 'कम्युनिटी द्या ना' म्हणतो आणि पलीकडचा त्याला मार्गाची चिठ्ठी सांगतो, हे मी एकाहून जास्त वेळा ऐकलंय. उशिरा नोंदलेल्या नेटवर्कांचे क्रमांक ३२ बिटांचे असल्यानं ते अर्ध्या भागात मावत नव्हते. फेब्रुवारी २०१७ च्या आरएफसी ८०९२ नं मोठी चिठ्ठी आणल्यावर त्यांना आपलं नाव लिहिता आलं.

पुढे या चिठ्ठ्यांनी चक्क देखभालीची भाषा उचलली. २०१६ मध्ये ६५५३५:६६६ चा अर्थ ठरला, या पत्त्यावर हल्ला चालू आहे, रहदारी तिथेच टाकून द्या. मार्च २०१८ मध्ये ६५५३५:० चा, आम्ही काम काढतोय, रहदारी आधीच दुसरीकडे वळवा. जुलै २०१७ च्या आरएफसी ८२०३ नं तर दोन राउटरांमधलं बीजीपी सेशन बंद करताना समोरच्याला साध्या भाषेत निरोप ठेवायची मुभा दिली, १२८ बाइटपर्यंत. जानेवारी २०२१ मध्ये आरएफसी ९००३ नं ती मर्यादा २५५ केली. कारण कागदातच दिलेलं आहे: ज्यांच्या लिपीत एका अक्षराला अनेक बाइट लागतात, तिथल्या नेटवर्क चालवणाऱ्यांनी कळवलं की आमचा निरोप यात मावत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइटची. 'वर्धा रोडवरच्या खोदकामामुळे लिंक बंद, पहाटे ४ पर्यंत सुरू होईल' हे वाक्य मी मोजून पाहिलं. १६६ बाइट भरतात.