गरोदरपणातील वाहनचालन (खानदेश)

गरोदर स्त्रीने स्वतः मोटार किंवा दुचाकी चालवणे आणि त्यासाठी घ्यावयाची काळजी. भारतीय मोटार वाहन कायद्यात याला मनाई नाही. प्रकृती ठीक असेल तर डॉक्टरांचीही सहसा हरकत नसते. खानदेशातल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत शिक्षिका, आरोग्यसेविका, तलाठी, बँकेतल्या कर्मचारी अशा कितीतरी जणी तालुक्याच्या गावाहून खेड्यात रोज स्वतःच्या गाडीने ये-जा करतात. दिवस गेले म्हणून नोकरी थांबत नाही. त्यामुळे ‘आता गाडीला हात लावू नको’ हा घरचा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नसतो. गाडी कशी चालवायची, हे त्यांना कोणी सांगत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज सीटबेल्टबद्दल आहे. पट्टा पोटाला आवळेल आणि बाळाला इजा होईल या भीतीने तो लावलाच जात नाही, किंवा पोलीस दिसला की नुसता अंगावर ओढून धरला जातो. खरा धोका पट्टा नसण्यात आहे. धडक बसली की बिनपट्ट्याच्या स्त्रीचे पोट थेट स्टिअरिंगवर आदळते. आई वाचली तरच पोटातले बाळ वाचण्याची आशा असते. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून न घेता पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर, मांड्या सुरू होतात तिथे बसवावा. वरचा भाग खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने जावा. तो काखेखालून घेऊ नये. साडीत एक अडचण येते. निऱ्यांचा फुगवटा पट्ट्याला वर ढकलतो आणि दहा मिनिटांत पट्टा पोटाच्या मध्यावर येऊन बसतो. म्हणून बसल्यावर निऱ्या हाताने सपाट कराव्यात, पट्टा निऱ्या खोचल्या आहेत त्याच्या खालच्या बाजूला दाबून बसवावा, मग वरचा भाग ओढून सैलपणा काढावा. पट्ट्याखाली उशी किंवा टॉवेल घालू नये. तो टॉवेल पाठीमागे, कमरेच्या खोलगट भागात ठेवला तर पाठदुखी मात्र कमी होते. पट्टा न लावल्यास २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे १,००० रुपये दंड आहे.

छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून थोडे जास्त, म्हणजे किमान २५ सेंमी अंतर हवे. पोट वाढेल तशी सीट मागे सरकवावी आणि स्टिअरिंग खालीवर होत असेल तर त्याचा रोख पोटाकडे न ठेवता छातीकडे ठेवावा. एअरबॅग बंद करू नये. सीट मागे घेतल्यावर पाय ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नसतील, तर बाळंतपण होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.

खानदेशात बायकांच्या हाताखालचे खरे वाहन स्कूटी आहे. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी गर्भ पडतो असे सर्रास म्हटले जाते. पण सुरुवातीच्या महिन्यांतले बहुतेक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आडोशाला असते. अशा वेळी बाईला ‘तू गाडीवर गेलीस म्हणून झालं’ असे ऐकवणे क्रूर आहे. दुचाकीचा धोका पडण्याचा आहे. पोट पुढे येते तसा तोल बदलतो, सांधे सैल होतात आणि गाडी पायावर सावरणे जड जाते. पोट दिसू लागल्यावर स्कूटी सोडलेली बरी. मागे बसायचे असेल तर एका बाजूला पाय सोडून बसू नये, हेल्मेट घालावे आणि पदर खोचून घ्यावा.

मधल्या तीन महिन्यांत उलट्या थांबतात, अंगात ताकद येते आणि सावधपणा सुटतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या पाच लाखांहून अधिक मातांच्या नोंदी तपासल्या. त्यात या तीन महिन्यांत स्वतः गाडी चालवताना होणाऱ्या गंभीर अपघातांचे प्रमाण गरोदरपणापूर्वीच्या काळापेक्षा ४२ टक्क्यांनी जास्त आढळले. थकवा आणि अपुरी झोप ही त्यामागची संभाव्य कारणे मानली जातात. सुरुवातीला उलट्यांसाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिलामिनच्या गोळीनेही गुंगी येते. ती घेऊन गाडी चालवू नये.

या प्रदेशात उन्हाचा विचार आधी करावा लागतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, आणि त्याच दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सुरतेत स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्रीमार्गे धुळ्याकडे येतात. हा पल्ला एका दमात कापू नये. पाणी कमी पडले की चक्कर येते, पोट कडक होऊ लागते. दर दोन तासांनी, शक्य तर त्याआधीच, उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, कारण गरोदरपणात पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव वाढतो. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही सवय घातक आहे. महामार्गावर स्वच्छ स्वच्छतागृह मिळणे कठीण, ही बायकांची तक्रार अगदी रास्त आहे. तरी पेट्रोलपंप हेरून ठेवावेत, पण पाणी तोडू नये. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि पाणी कमी पडले की त्याच्या वेदनांचा झटका उठू शकतो. अशा स्त्रीने भर उन्हात लांबचा प्रवास करूच नये.

तोरणमाळ, चांदसैली, कन्नड हे घाट शेवटच्या महिन्यांत स्वतः चालवत चढू नयेत. चांदसैलीत पावसाळ्यात दरडी कोसळतात. नंदुरबारमधल्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतल्या काही पाड्यांवर तर गाडीचा रस्ताच नाही आणि बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. तिथल्या बाईला या नोंदीतल्या सूचनांआधी रस्ता हवा आहे.

रक्तस्राव, थांबून थांबून येणाऱ्या कळा, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर अचानक सूज असेल तर गाडी चालवू नये. बारीकशी धडक बसली आणि काही लागले नाही असे वाटले, तरी दवाखाना गाठावा. पोटाला बसलेल्या धक्क्याने वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते आणि ते बाहेरून लगेच कळत नाही. पाच-सहा महिने उलटून गेले असतील तर किमान चार तास बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर आई-बाळाच्या रक्तगटांतील विसंगतीचा धोका टाळणारे अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायला हवे; म्हणून रक्तगटाची नोंद असलेले कार्ड गाडीत असावे. अपघातासाठी १०८ आणि गरोदर माता व नवजात बाळांच्या ने-आणीसाठी १०२ या मोफत रुग्णवाहिका आहेत. कळा सुरू झाल्यावर स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नये.

बाळंतपणानंतर सव्वा महिना घराबाहेर न पडण्याची रीत सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या पथ्यावर पडते, कारण टाके भरून जोरात ब्रेक दाबता येण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माहेरहून सासरी परतताना बाळाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसू नये. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेली तान्ह्या बाळाची सीट वापरावी.